फ्लोराइड काढणारा घरगुती ॲल्युमिना फिल्टर: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील एका गावात आम्ही राहतो, आणि गेले वर्षभर आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर फ्लोराइड काढणारा दोन कप्प्यांचा एक फिल्टर आहे. वरच्या कप्प्यात सक्रिय ॲल्युमिनाचे तीन किलो पांढरे दाणे, खालच्या कप्प्यात गाळून आलेले पाणी आणि त्याला प्लॅस्टिकची तोटी, एवढीच त्याची रचना आहे. त्याला वीज लागत नाही, पाण्याचा दाब लागत नाही आणि वाया जाणारे पाणीही निघत नाही. घेताना त्याचे २,४०० रुपये पडले. हा फिल्टर काम करतो का, असे विचारणाऱ्याला मी 'करतो' असेच सांगतो. मात्र तो किती दिवस काम करतो हे फिल्टर स्वतः कधीच सांगत नाही, आणि विक्रेत्याने जे सांगितले होते ते खरे निघाले नाही. या अभिप्रायाचा बराचसा भाग त्या एका गोष्टीविषयी आहे, कारण असा फिल्टर घेणाऱ्याचे नुकसान नेमके तिथेच होते.

आधी पाण्याविषयी थोडे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्टवर वसलेला असला, तरी आमच्या जिल्ह्याच्या या टोकाला बेसाल्टचा थर संपतो आणि त्याखालचा जुना ग्रॅनाइट वर येतो. फ्लोराइड असलेली खनिजे या खडकात असतात, आणि ज्या पाण्यात कॅल्शियम कमी व बायकार्बोनेट जास्त असते त्या पाण्यात फ्लोराइड अधिक सहज उतरतो. आडाचे पाणी पावसाने दरवर्षी बदलते, पण खोल बोअरचे पाणी खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरलेले असते. म्हणून जितके खोल जावे तितके पाणी चांगले, हा आपल्याकडचा समज फ्लोराइडच्या बाबतीत बऱ्याचदा उलटा ठरतो. आमच्या घरच्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे ३.२ मिलिग्रॅम फ्लोराइड आढळले. भारतीय मानकानुसार ही मर्यादा १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत उपलब्धच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतले जाते. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १.५ हाच आहे. म्हणजे आमचे पाणी चालवून घेण्याच्या मर्यादेच्याही दुपटीहून वर होते, आणि तरीही ते काचेसारखे स्वच्छ, चवीला गोड आणि उन्हाळ्यात न आटणारे असल्यामुळे साऱ्या आळीत नावाजलेले होते.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गातील मुले हसली की पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके आणि आडव्या तपकिरी रेघा दिसतात. पक्के दात हिरड्यांखाली घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, जे पाणी पोटात गेले त्याची ती नोंद असते, आणि ती कोणत्याही दंतमंजनाने पुसली जात नाही. ते डाग तंबाखूचे नाहीत हे पालकांना पटवण्यात माझी कित्येक वर्षे गेली. मोठ्यांच्या बाबतीत हाडांचा ताठरपणा हळूहळू वाढतो. माझ्या आईला मान वाकवून हनुवटी छातीला टेकवता येत नाही आणि ती हे वयाचे दुखणे समजते. ते किती वयाचे आणि किती पाण्याचे, हे आता सांगता येणार नाही. घरात तीन वर्षांची नात आली तेव्हा मात्र मी टाळाटाळ थांबवली आणि फिल्टर मागवला.

ज्यांच्या घरी आधीच एखादा फिल्टर आहे त्यांच्यासाठी एक खुलासा करून पुढे जातो. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यातील प्रमाण उलट थोडे वाढते. कँडलचा फिल्टर गाळ आणि काही जंतू अडवतो, अतिनील दिव्याचा फिल्टर जंतू मारतो, पण पाण्यात विरघळलेला फ्लोराइड दोन्हींतून जसाच्या तसा पार होतो. तो काढण्याचे एक साधन म्हणजे आरओचा पडदा आणि दुसरे म्हणजे अधिशोषण, ज्यात पाण्यातील फ्लोराइड एखाद्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतो. ॲल्युमिनाचा दाणा बाहेरून साबुदाण्यासारखा दिसत असला तरी आतून असंख्य सूक्ष्म छिद्रांनी भरलेला असतो, आणि त्या छिद्रांच्या भिंतींवर असलेल्या हायड्रॉक्सिल गटांच्या जागा फ्लोराइड घेतो. जागा मोजक्या असतात. त्या भरल्या की दाणा दिसायला तसाच राहतो, पाणीही तितक्याच वेगाने पाझरते, पण फ्लोराइड अडवणारे आत कोणी उरलेले नसते.

आपल्याकडे हा फिल्टर नवा नाही. १९९० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने आयआयटी कानपूरने अशाच घरगुती संचावर काम केले आणि ते राजस्थान व आंध्र प्रदेशातील गावांत वापरले गेले. त्या मूळ रचनेत तीन किलो ॲल्युमिना, सुमारे १७ सेंटिमीटर उंचीचा थर, पाणी सारखे पसरावे म्हणून वर एक भोकांची स्टीलची चकती आणि तासाला साधारण दहा लिटर पाणीच खाली उतरेल असे छिद्र, असे सगळे विचारपूर्वक ठरवलेले होते. मी घेतलेला नग त्याच घराण्यातला आहे. फक्त त्यात ती चकती नव्हती. त्याचे परिणाम पुढे येतील.

फिल्टर आला त्या दिवशी दाणे तीन वेळा धुतले, तरी पहिल्या दोन भरण्यांचे पाणी दुधाळ निघाले. ती ॲल्युमिनाची भुकटी असते आणि ते पाणी टाकून द्यायचे असते. माहितीपत्रकात याचा उल्लेख हवा होता, तो नाही. पुढचे पाणी नितळ आले आणि चवीत काही फरक नव्हता, जी आमच्याकडे मोठी गोष्ट आहे, कारण चव बदलली की माठ बदलतो आणि माठ बदलला की सगळे पुन्हा हापशावर जातात. वरच्या कप्प्यात एका वेळी आठ लिटर पाणी मावते आणि ते खाली उतरायला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून आम्हाला दिवसाला दोन भरणी पुरतात. वरण, भात आणि चहा यांसाठीही हेच पाणी वापरायला हवे, कारण नुसते पिण्याचे पाणी गाळून शिजवायला बोअरचे घेतले तर निम्मे काम फुकट जाते. आंघोळीला आणि भांड्यांना बोअरचे पाणी खुशाल वापरावे. पाहुणे आले की मात्र या वेगाचा त्रास होतो. गेल्या दिवाळीत घरात अकरा माणसे होती आणि पत्नीला पहाटे साडेचारला उठून पहिली भरणी करावी लागत होती.

मोजणीची युक्तीही तिचीच. प्रत्येक भरणीला ती ओट्याशेजारच्या भिंतीवर खडूची एक उभी रेघ ओढते आणि पाचवी रेघ आडवी मारून गठ्ठा बांधते. एक रेघ म्हणजे आठ लिटर. मी सुरुवातीला तारखा लिहून ठेवत होतो, पण उन्हाळ्यात तीन भरण्या होतात आणि आम्ही गावाला गेलो की एकही होत नाही, त्यामुळे दिवस मोजण्याला अर्थ नाही हे लवकरच लक्षात आले. या फिल्टरचे वय लिटरमध्ये मोजायचे असते.

विक्रेत्याने सांगितले होते, "सर, एक वर्ष काही बघायचं काम नाही, आणि दर तीन महिन्यांनी आमचा माणूस येऊन जाईल." माणूस आला नाही. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा पुढच्या आठवड्याचे आश्वासन मिळाले आणि तिसऱ्यांदा मी केला नाही. पण आमच्या ग्रामपंचायतीत जल जीवन मिशनचा पाणी तपासणी संच आहे आणि तो हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्याच महिला आहेत. त्यांच्यापैकी एका ताईंकडे मी दर पंधरा दिवसांनी गाळलेल्या पाण्याची बाटली नेऊ लागलो आणि अधूनमधून तेच पाणी प्रयोगशाळेतूनही तपासून घेतले. पहिल्या आठवड्यात फ्लोराइड ०.३ च्या खाली होता. साठ रेघांना, म्हणजे ४८० लिटरला, ०.४ होता. सव्वाशे रेघांना, म्हणजे हजार लिटरला, ०.७ झाला. १७५ रेघांना त्याने १ मिलिग्रॅमची मर्यादा गाठली आणि २१२ रेघांना, सुमारे १,७०० लिटरला, तो १.५ वर गेला. विक्रेत्याचे वर्ष आमच्याकडे साडेतीन महिन्यांत संपले.

यात फसवणूक किती आणि अज्ञान किती हे मी ठरवत बसलो नाही, पण साधे गणित करून पाहिले. लिटरमागे सरासरी २.६ मिलिग्रॅम फ्लोराइड दाण्यांत अडकला असे धरले तर १,७०० लिटरमध्ये सुमारे ४.४ ग्रॅम अडकला, म्हणजे एक किलो ॲल्युमिनाने जेमतेम दीड ग्रॅम फ्लोराइड धरला. प्रयोगशाळेतील निबंधांत याच पदार्थाचे आकडे कितीतरी मोठे असतात, पण ते बहुधा ऊर्ध्वपातित पाण्यात फ्लोराइड मिसळून आणि सामू (pH) ५.५ च्या आसपास ठेवून काढलेले असतात, कारण ॲल्युमिना त्या सामूला सर्वांत चांगले काम करते. आमच्या पाण्याचा सामू ७.९ आहे आणि त्यात बायकार्बोनेट भरपूर आहे, जे त्याच जागांसाठी फ्लोराइडशी स्पर्धा करते. म्हणून 'हा फिल्टर इतके लिटर चालेल' असे छापील वाक्य कोणत्याही गावाला सरसकट लागू पडत नाही. तुमच्या पाण्यात फ्लोराइड २ असेल तर तो आमच्यापेक्षा बराच जास्त चालेल आणि ५ असेल तर महिना-दीड महिन्यात थकेल. खरेदीपूर्वी विक्रेत्याने तुमच्या पाण्याचा अहवाल मागितला नाही, तर त्याने सांगितलेल्या आयुष्याकडे दुर्लक्ष करावे.

दुसऱ्या फेरीत एक वेगळाच प्रकार घडला. दाणे रसायनांनी ताजे करून पुन्हा भरले होते, आणि शंभर रेघाही झाल्या नव्हत्या तोच तपासणी संचातला रंग १.५ मिलिग्रॅमच्या पट्टीशी जुळला. रसायनांची मात्रा चुकली असे समजून मी स्वतःला दोष देत होतो. वरचा कप्पा रिकामा करून आत बॅटरीचा उजेड टाकला तेव्हा दाण्यांच्या मधोमध वाटीएवढा खळगा दिसला. कळशीतून पाणी रोज त्याच एका जागी पडत होते, तिथले दाणे बाजूला सरकून थर पातळ झाला होता आणि पाण्याने तिथूनच सरळ खाली उतरण्याची वाट पाडली होती. कडेचे बरेचसे दाणे जवळजवळ ताजेच होते. मूळ रचनेतील भोकांची चकती नेमकी यासाठी असते. मी बाजारातून एक जुनी स्टीलची ताटली आणली, लोहाराकडून तिला पंचवीस-तीस भोके पाडून घेतली, दाणे हाताने ढवळून सारखे केले आणि ताटली वर ठेवली. दुसऱ्या आठवड्यात आकडा ०.६ वर आला आणि ती फेरी दीडशे रेघांपर्यंत गेली. चाळीस रुपयांची ताटली २,४०० रुपयांच्या वस्तूत का नसावी, याचे उत्तर मला मिळालेले नाही. घेताना झाकण उघडून ही चकती आहे का ते पाहावे, आणि नसेल तर ताटलीचा खर्च धरून चालावे.

दाणे ताजे करणे ही या फिल्टरची सर्वांत अवघड बाजू आहे आणि ती जाहिरातीत कुठेच दिसत नाही. थकलेले दाणे कापडी पिशवीत बांधून एक टक्का कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, म्हणजे दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम, काही तास बुडवून ठेवायचे आणि अधूनमधून हलवायचे. त्यात फ्लोराइड सुटून बाहेर येतो. मग पाण्याने धुऊन सौम्य सल्फ्युरिक आम्लात ठेवायचे, म्हणजे पृष्ठभाग पुन्हा फ्लोराइड धरण्यायोग्य होतो, आणि धुवणाचा सामू सातच्या जवळ येईपर्यंत पुन्हा धुवायचे. मला हे जमले कारण शाळेत प्रयोगशाळा आहे, हातमोजे आणि चष्मा आहे, आणि आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नाही, हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो. ज्या घरात चुलीशेजारी लहान मूल रांगते आहे, तिथे कॉस्टिक सोडा आणि आम्लाची बाटली ठेवा असे मी कोणालाही सांगणार नाही. शिवाय जे पाणी उरते त्यात साडेतीन महिन्यांचा सगळा फ्लोराइड एकत्र आलेला असतो: चार ग्रॅमहून अधिक, वीसेक लिटरमध्ये. ते मोरीत ओतले तर आपल्याच आडाला परत मिळते. मी दोन्ही धुवणे एकत्र करून त्यात चुन्याची निवळी भरपूर घातली, त्यामुळे फ्लोराइडचा मोठा भाग कॅल्शियम फ्लोराइड होऊन तळाशी बसला, आणि तो गाळ वस्तीपासून दूर सिमेंट केलेल्या खड्ड्यात टाकला. प्रत्येक वेळी ताजे केल्यावर दाण्यांची ताकद थोडी घटते. १ मिलिग्रॅमची मर्यादा गाठेपर्यंत आमच्याकडे पहिली फेरी १७५ रेघांची, दुसरी दीडशेची आणि तिसरी १३५ ची झाली. चौथ्या फेरीला मी नवे दाणे घेतले आणि ती पुन्हा १७५ वर आली.

पाणी तपासणी संचाविषयीही एक सावधगिरीची सूचना आहे. त्यातील द्रावण फ्लोराइड नसताना गुलाबी असते आणि फ्लोराइड वाढेल तसे पिवळ्याकडे झुकते. रंगाची पट्टी ढोबळ असते, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात मला जो रंग ०.५ चा वाटला तो ताईंना दारातल्या उजेडात १ चा दिसला. त्या बरोबर होत्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाण्यात ॲल्युमिनियम उतरले असेल तर ते फ्लोराइडला बांधून ठेवते आणि संच खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. त्यामुळे तुरटीने शुद्ध केलेले पाणी या संचावर विनाकारण चांगले दिसते. फिल्टरच्या पाण्यातही पहिल्या फेरीत एकदा ॲल्युमिनियम तपासून घेतले; ते मानकाच्या ०.२ मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेत होते. ताजे केल्यावर दाणे नीट न धुता वापरले तर ते वाढू शकते, म्हणून धुण्यात कंजुषी करू नये.

आता पर्यायांविषयी, कारण फिल्टर घेण्यापूर्वी मी त्यांतले बरेच घरी करून पाहिले होते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत जुनी आणि आपल्या भागात सर्वांना ऐकून माहीत असलेली. पाण्यात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचे, तासभर निवळू द्यायचे आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. खर्च नगण्य आहे, पण तुरटीची मात्रा पाण्यातील फ्लोराइडवर आणि क्षारतेवर ठरते, आणि आमच्या पाण्याला ती इतकी लागत होती की डाळ शिजायला वेळ लागतो आणि चहाला तुरट चव येते अशी तक्रार चौथ्या दिवशी सुरू झाली. रोजचे वीस मिनिटांचे ढवळणे घरातील एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते, आणि ती व्यक्ती मी नव्हतो हे कबूल करतो. दोन आठवड्यांत ती बादली गुरांच्या पाण्याला लागली.

श्रीलंकेत भाजलेल्या मातीच्या विटांचे तुकडे भरलेले घरगुती फिल्टर वापरात आहेत हे वाचून मी गावच्या भट्टीतील कमी भाजलेल्या विटा फोडून एका पाइपमध्ये भरल्या. पहिल्या दिवशी ३.२ चे २.१ झाले आणि आठवड्याभरात ते परत तीनच्या घरात गेले. विटेवर सगळे अवलंबून असते, ती कोणत्या मातीची आणि किती भाजलेली, आणि आमची वीट त्या कामाची नव्हती. जांभा दगडात लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड भरपूर असतात म्हणून त्याच्यावरही बरेच संशोधन झाले आहे. रत्नागिरीकडच्या एका सहकाऱ्याने सुट्टीवरून येताना पिशवीभर जांभ्याची खडी आणून दिली. रात्रभर पाणी त्यात ठेवले तर २.४ पर्यंत उतरले, आणि पाण्याला तांबूस झाक आली ती वेगळीच. प्रक्रिया केलेला जांभा याहून चांगले काम करतो, पण प्रक्रिया म्हणजे पुन्हा आम्ल आणि अल्कली. शेवगा, चिंचोका, भुईमुगाची टरफले यांच्या भुकटीवरचे प्रयोग दरवर्षी विज्ञान प्रदर्शनात येतात आणि मीही मुलांकडून ते करून घेतले आहेत; त्यांत थोडाफार फ्लोराइड कमी होतो, पण दुसऱ्या दिवशी पाण्याला जो वास येतो त्याविषयी फलकावर काहीच लिहिलेले नसते. चिंचेचा उपयोग ताटात अधिक आहे: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासात चिंच खाणाऱ्या मुलांच्या लघवीवाटे जास्त फ्लोराइड बाहेर पडताना दिसला. आमटीत चिंच असणे चांगलेच, पण ते फिल्टरचे काम नव्हे.

हाडांचा कोळसा हे खरे तर या सर्वांत गुणकारी स्वस्त साधन आहे आणि केनिया, टांझानियासारख्या देशांत ते वापरले गेले आहे. लाकडाच्या कोळशाचा फ्लोराइडला उपयोग नाही. हाडातील कॅल्शियम-फॉस्फेटच तो पकडतो. मात्र आमच्या गावात देवघराला लागून असलेल्या माठात ते पाणी कोण भरेल, हा प्रश्न मी आईसमोर काढला तेव्हा तिने उत्तर दिले नाही, नुसते पाहिले.

खरी स्पर्धा आहे ती गावातील आरओच्या पाणी-एटीएमशी. त्याच्या पाण्यात फ्लोराइड ०.२ निघाला, म्हणजे आमच्या फिल्टरपेक्षा कमी, आणि पडदा बदलण्याची काळजी घरच्या बाईला नाही. वीस लिटरच्या जारला पाच रुपये, म्हणजे लिटरला पंचवीस पैसे. फिल्टरचा हिशेब असा: नव्या दाण्यांना किलोमागे १८० रुपये, म्हणजे तीन किलोला ५४०, आणि ते १,४०० लिटर चालतात, म्हणून लिटरला सुमारे ३९ पैसे. एकदा नवे दाणे आणि दोनदा ताजे करणे अशी सरासरी काढली, आणि दर वेळच्या रसायनांना शंभर-सव्वाशे रुपये धरले, तर साधारण वीस ते बावीस पैसे पडतात. कमी खर्चाचे साधन म्हणून ज्याची जाहिरात होते ते एटीएमच्या बरोबरीनेच पडते, हे घेणाऱ्याने आधी समजून घ्यावे. एटीएमचे दोष वेगळे आहेत: वीज गेली की बंद, मोटार जळली की पंधरा दिवस बंद, जार आणायला धडधाकट माणूस आणि मोटारसायकल हवी, आणि जितके पाणी मिळते साधारण तितकेच अधिक फ्लोराइडचे पाणी मागच्या नालीत सोडले जाते. गेल्या मे महिन्यात ते एकोणीस दिवस बंद होते. त्या एकोणीस दिवसांत आमच्या फिल्टरवर शेजारच्या दोन घरांच्या कळश्या भरल्या गेल्या आणि भिंतीवरच्या रेघा भराभर वाढल्या.

बारीकसारीक तक्रारी थोडक्यात सांगतो. तोटी पाचव्या महिन्यात गळू लागली. साठ रुपयांत पितळी बसवली. खालचा कप्पा पारदर्शक असल्याने खिडकीशी ठेवला तर शेवाळ धरतो, म्हणून तो सावलीत ठेवावा. दाण्यांचा थर कायम ओला राहतो आणि त्यात जंतू वाढू शकतात, तेव्हा गाळलेल्या पाण्यात क्लोरीनचे थेंब घालणे सोडू नये. घडण मात्र भक्कम आहे. एकदा भरलेला वरचा कप्पा नातीने ओढून ओट्यावरून खाली पाडला, दाणे स्वयंपाकघरभर पसरले, पण भांड्याला तडा गेला नाही.

हा फिल्टर घ्यावा का, तर तालुक्याच्या प्रयोगशाळेतून आधी आपल्या पाण्याचा फ्लोराइड, सामू आणि क्षारता काढून घ्यावी, आणि जवळच्या जुन्या आडाचेही पाणी तपासावे. आमच्या वेशीबाहेरच्या आडाचे ०.८ निघाले, आणि ते पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकले असते तर मी हा खर्चच केला नसता. फ्लोराइड ४ च्या वर असेल तर घरगुती नग घेऊ नये, दाणे ताजे करण्यातच जीव जाईल. दीड ते चारच्या मध्ये असेल, महिन्यातून दोनदा पाणी तपासण्याची सोय असेल आणि थकलेले दाणे घेऊन ताजे करून देणारे कोणी तालुक्यात असेल, तर जरूर घ्यावा. ही तिसरी अट आमच्याकडे पुरी होत नव्हती. या जूनपासून शाळेच्या प्रयोगशाळेत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गावातल्या सात घरांचे दाणे एकत्र ताजे होतात. प्रत्येक पिशवीला घराच्या नावाची चिठ्ठी आणि किती रेघा झाल्या तो आकडा बांधलेला असतो. मागच्या शनिवारी आलेल्या एका पिशवीवर ३१० लिहिलेले होते. त्या घरचे लोक तीन महिने फिल्टरचे पाणी पीत होते, आणि आमच्या आकड्यांवरून पाहिले तर त्यांतला जवळजवळ निम्मा काळ ते पाणी मर्यादेबाहेरचे होते.